सिनेमातली ओटी

माझं माहेर अंबडकडलं, नांदायला आले धावड्याला, अन् नवरा गेला तव्हा माझी मंगल रांगत व्हती. तव्हापासून कपाशी येचायची, सोयाबीन काढायचं, कुणाच्या लग्नात भाकरी थापायच्या, समद्याला बोलावतेत मला, पण ओटी भरायला बोलवत न्हाईत अन् मीबी जात न्हाई, रागानं न्हाई सांगून राह्यले, तसंच चालत आलंय. मंगल माहेरी आली की निघताना तिची ओटी माझी जाऊ भरती, मी दारामागं उभी राहते.

मंग गावात सिनेमावाले आल्ते. त्यांना पोरीची आई पाह्यजे व्हती, मला म्हणे मावशी तुम्हीच बराबर. म्हणलं मला काय येतंय, तं म्हणे तेच पाह्यजे. आता काय सांगू तुम्हाला, समदं केलं मी, रडलेबी खरंखुरं, पण सासरी निघालेल्या पोरीची ओटी भरायचा सीन आला अन् माझे हात पुढं जायनात. ती नटी लेकरासारखी, खऱ्यातबी तिचं नवंनवं लग्न झाल्तं, म्हणलं माझ्या हातानं तिचं काही वाईट झालं तं? लई समजावलं त्यांनी, न्हाई म्हणजे न्हाई. शेवटी तोंड माझं घेतलं अन् हात जाऊचे.

मंग म्हणे मुंबईला दरसाल मराठी सिनेमाच्या बक्षिसांचा कार्यक्रम असतो, त्यात तुमचं नाव हाये. मी अन् जाऊ गेल्तो रेल्वेनं. तिथं एसीत निस्ती हुडहुडी भरली. नाव पुकारलं, पडद्यावर तोच सीन लावला, अन् जाऊ शेजारच्या बाईला सांगून राह्यली, हात माझे हायेत बरं का, हात माझे. वर मला पितळी बाहुली दिली, शाल दिली, नारळ दिला, तेवढ्यात ती नटी आली अन् समद्यांसमोर पदर पसरून उभी राह्यली, म्हणे आई, तव्हा राह्यली, आता भरा. हातात नारळ व्हता बगा. पण माझ्यानं न्हाई झालं. नारळ शालीत गुंडाळला, तिच्या तोंडावरून हात फिरवला अन् खाली आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय कळलं देव जाणे.

दिवाळीला मंगल आली. तिनं टीव्हीवर समदं पाह्यलं व्हतं. चार दिवस राह्यली. निघायच्या येळेला जाऊ ताट घेऊन आली, तं मंगल उठून दारामागं आली अन् माझ्यापुढं पदर धरला. म्हणे आई, त्या बाईची भरली न्हाई ते बराबर केलंस. पहिली माझी भर.

भरली. अर्धे गहू खाली सांडले, जाऊनं ते येचून तिच्या पदरात टाकले. आता मंगलला दिवस गेलेत, रोज फोन लावून विचारते, बरी हाईस ना गं, तं ती हसती. माझं भेव काही बिलकुल गेलं न्हाई, खोटं कशाला सांगू. समद्यांच्या लेकी सुखी राहू दे, बस.