खुर्चीच्या उंचीची गाडी

नवरा: ...म्हणून म्हणतो, काढा त्या आखूड स्प्रिंगा आणि जुन्या होत्या त्या घाला. गाडी कोपऱ्यावर वळली की खट-खट-खट! सगळ्या गल्लीला कळतं, आमची स्वारी आली.

मिस्त्री: घालतो की. जुन्या स्प्रिंगा मागे ठेवल्याच आहेत. पण साहेब, गाडी खाली घ्या म्हणून तुम्हीच आला होतात.

नवरा: शौक म्हणून नव्हे हो! हिच्या व्हीलचेअरच्या उंचीला सीट यावी, एवढ्यासाठी.

बायको: आणि आली ना उंचीला? फळी टाकते, सरकते, बसते. मिस्त्री, जुन्या घातल्या तर सीट किती वर जाईल?

मिस्त्री: तीनएक बोटं.

नवरा: तीन बोटं म्हणजे काय डोंगर आहे? मी उचलीन. इतके दिवस उचलतच होतो. पाडलं का कधी?

बायको: नाही पाडलंस.

नवरा: मग झालं तर! मिस्त्री, तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो. आवाज येतो म्हणजे खाली काहीतरी सुटतंय. भर रस्त्यात चाक निघालं तर हिला घेऊन मी कुठं पळू? ही जिन्यावरून पडली तेव्हा मी घरात नव्हतो. आता माझ्याच हाताने गाडीत बसवून पुन्हा काही झालं, तर?

मिस्त्री: चाक असं निघत नाही हो. पण आवाज मला दोनदा सापडला नाही, हेही खरं. शॉकअपची वरची बैठक बदलली, नट आवळून पाहिले. दारात आणली की तुमची गाडी मुकी होते. डॉक्टरसमोर पेशंट ठणठणीत, तसं.

बायको: मला विचाराल का कुणी?

नवरा: तुला काय विचारायचं?

बायको: आवाज माझ्या पायाखाली येतो, म्हणून. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तर वाजत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की वाजतं. आपल्या फाटकाचा चढ तू तिरका घेतोस, तिथं तर हमखास.

मिस्त्री: थांबा, थांबा. दोन्ही चढली तर अजिबात नाही?

बायको: अजिबात नाही. जन्म गेला माझा शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात. कुठलं कशाला घासतंय, ते कानाला कळतं.

नवरा: मग आधी का नाही बोललीस?

बायको: खट झालं की तू गाडी थांबवून खाली वाकतोस. वर येतोस तो घाबरूनच. तुला सांगायचं कधी?

मिस्त्री: वहिनी, निम्मं काम तुम्हीच केलंत. साहेब, पुढच्या दोन चाकांमध्ये एक आडवा दांडा असतो, वळणावर गाडी कलू नये म्हणून. एकच चाक वर गेलं की तो पिळला जातो. त्याला धरणाऱ्या लिंका अजून जुन्या लांबीच्याच आहेत. गाडी खाली आली, दांडा वर सरकला, आता सांगाड्याला आपटत असणार. आखूड लिंका घालू. जेवून या, तोवर करतो.

(दुपार उलटली आहे. आखूड लिंका बसल्या आहेत आणि गाडी गॅरेजच्या दारात उभी आहे.)

मिस्त्री: चला, फेरी मारू. मी चालवतो. वहिनी पुढे बसा, कान तुमचे हवेत.

नवरा: थांब, उचलतो. पटकन होईल.

बायको: फळी दे.

नवरा: अगं, मिस्त्री खोळंबलेत.

मिस्त्री: छे, मी हात धुतोय. हे ग्रीस लवकर निघत नाही.

बायको: ऐक जरा. मला उचललंस की रात्रभर तुला कूस बदलता येत नाही. मी जागीच असते. मग दुसऱ्या दिवशी कुणी बोलावलं की मीच सांगते, आज बरं नाही वाटत.

नवरा: मला वाटायचं, तुलाच नको असतं.

बायको: मला हवं असतं रे. तुला सांगायला गेले तर तू म्हणणार, उचलायला मी आहे ना. म्हणूनच घरी बसले.

नवरा: ...कंबर काही इतकी दुखत नाही.

बायको: फळी.

नवरा: ही घे. नीट टेकली का बघ. डावीकडून जरा आत... बरं, बरं, नाही बोलत.

बायको: बसले. खुर्ची डिकीत ठेव आणि मागे बस.

मिस्त्री: निघालो. हा पहिला खड्डा, मुद्दाम घेतो. काय, वहिनी?

बायको: पुन्हा घ्या. दुसऱ्या चाकाने.

मिस्त्री: घेतला. साहेब, तुम्ही श्वास घ्या, गाडी बंद नाही पडणार.

नवरा: मला काहीच ऐकू आलं नाही.

बायको: काही वाजलंच नाही, तर ऐकू काय येणार? काचेखाली बारीक कुरकुर आहे, मिस्त्री, पण ती वेगळी.

मिस्त्री: ते प्लास्टिक. खाली पट्टी चिकटवून देतो. साहेब, मग जुन्या स्प्रिंगांचं काय करायचं?

नवरा: भंगारात द्या.

मिस्त्री: देतो. हं, आलं गॅरेज. पट्टी लावेपर्यंत वहिनी, उतरून सावलीत बसा.

नवरा: आलो, आलो. खुर्ची लावतो. उतरताना तरी धरू ना?

बायको: धरू नकोस. शेजारी उभा राहा.