बैल मोजे घालत नाहीत

(कास्त्रो गावाच्या बंदरावरून नेलिदा फोनवर. पलीकडे, समोरच्या बेटावर, तिचे वडील बेलार्मिनो आणि तिची दोन मुलं.)

बेलार्मिनो : नाही गं, शांतच आहेत. चित्रं काढत बसलीत.

नेलिदा : बाबा, चित्र काढताना "जोर लाव, जोर लाव" असं कोण म्हणतं?

बेलार्मिनो : यास्ना. तिला रेघ ठसठशीत लागते.

नेलिदा : आणि आत्ता काय धडकलं?

बेलार्मिनो : वारा. तिकडे नाही का वादळ? इथे पत्रे उडायचे तेवढे बाकी आहेत.

नेलिदा : बोट आजही सुटत नाहीये, म्हणून तर फोन केला. आपलं काय ठरलंय? शाळा बंद असेपर्यंत पोरं घरात, कोरडी, धडधाकट. रेनातोची छाती पुन्हा भरली तर पहिल्या बोटीने दोघांना इकडे आणणार. उरलेला हिवाळा माझ्या खोलीवर.

बेलार्मिनो : त्या खोलीवर? खिडकी उघडली की शेजाऱ्याची भिंत.

नेलिदा : हीटर आहे. टीव्ही आहे. पोरं गप्प बसतात.

बेलार्मिनो : तेच म्हणतोय मी. पोरं गप्प बसतात.

नेलिदा : रेनातोच्या पायात मोजे आहेत?

बेलार्मिनो : सकाळी होते.

नेलिदा : यास्नाकडे द्या फोन.

बेलार्मिनो : देता येत नाही. ती पलीकडे आहे.

नेलिदा : कशाच्या पलीकडे?

बेलार्मिनो : पलंगाच्या. थांब, आवाज मोठा करतो. बोल.

यास्ना : आई, आम्ही मिंगा करतोय, सगळ्यांनी मिळून घर ओढायचं. पलंग म्हणजे घर, रेनातो बैल. आजोबा घरातली माणसं.

नेलिदा : बाबा?

बेलार्मिनो : पत्ते झाले. बटाटे सोलायची शर्यत झाली. लोकरीचे गुंडे सगळे सोडवून परत गुंडाळून झाले. मग म्हटलं गोष्ट सांगू. आपलं हे घर माझ्या बापाने टेकडीमागून इथे कसं आणलं, ते सांगितलं. खाली ओंडके, पुढे बैलजोड्या, दोराला सगळा गाव. पोरांचं नुसतं ऐकून भागलं नाही.

नेलिदा : म्हणून तुम्ही पलंग ओढायला दिलात?

बेलार्मिनो : दिला कुठे? मला जेवणानंतर डोळा लागला होता. उठलो तेव्हा निघालो होतो.

यास्ना : खाली लाकडं घातलीत आई, चुलीची. आणि आजोबांनी वल्ह्याने भिंतीला रेटा दिला. पलंगावर बसूनच.

बेलार्मिनो : थोडासा दिला. पोरांच्या कमरेत उसण भरली असती.

नेलिदा : आणि आता?

बेलार्मिनो : स्वयंपाकघराच्या दारात अडकलोय.

नेलिदा : म्हणजे पोरं चुलीकडे, आणि तुम्ही अलीकडे. त्या गुडघ्याने पलंग ओलांडता येतो तुम्हाला?

बेलार्मिनो : मांजर ओलांडून जातं.

नेलिदा : पुरे झालं. पोरांच्या पिशव्या भरून ठेवा. पहिल्या बोटीने येते मी न्यायला.

बेलार्मिनो : बरं.

यास्ना : आई, आजोबा "बरं" का म्हणाले? ते कधीच "बरं" म्हणत नाहीत.

नेलिदा : ते राहू दे. तू चुलीपासून लांब उभी राहा. पलंग कशाला अडलाय?

यास्ना : दाराला. अर्धं दार उघडतच नाही.

नेलिदा : बाबा, त्या झडपेची खालची कडी काढा की. तुमच्या बाजूला आहे.

बेलार्मिनो : गंजलीय.

नेलिदा : प्रयत्न केलात?

बेलार्मिनो : तुझ्या आईला शेवटचं बाहेर नेलं तेव्हा उघडली होती. त्यानंतर हात नाही लावला.

नेलिदा : वल्हं आहे ना हातात? टोकाने ठोका. हळू.

बेलार्मिनो : हं. निघाली.

नेलिदा : तर. गंजली म्हणे. यास्ना, दोर कशाला बांधलाय?

यास्ना : झाडूच्या दांड्याला. तेच जू आहे. रेनातोच्या मानेवर तुझा मफलर घातलाय, घासू नये म्हणून.

नेलिदा : नवा? बरं, असू दे. रेनातो, ऐकतोस ना?

यास्ना : तो बोलणार नाही. बैल आहे.

नेलिदा : मग बैलाला सांग, मान खाली आणि मी म्हणेपर्यंत हलायचं नाही. दोर ताणून धरा. बाबा, वल्हं भिंतीला. धक्का नको, नुसता भार द्या. अंहं, अजून नाही. आता. ओढा. ओढ रे राजा, ओढ. थांबू नका, थांबलं की जड होतं. ओढा.

यास्ना : आई, तू बंदरावर ओरडतेयस?

नेलिदा : ओरडू दे. बघतायत सगळे. आलं का बाहेर?

यास्ना : आलं. चुलीपाशी. खिडकीखाली.

नेलिदा : बाबा?

बेलार्मिनो : आहे. ऊब आहे गं इथे.

नेलिदा : दोन हिवाळे मी घसा कोरडा केला. त्या गळक्या खोलीतून पलंग चुलीपाशी घ्या म्हणून. आईने लावलेला पलंग हलणार नाही, हे तुमचं उत्तर.

बेलार्मिनो : तू विचारत होतीस. यांनी विचारलं नाही.

यास्ना : आई, घर हललं की मालकाने सगळ्यांना जेवू घालायचं असतं. आजोबांनी आधीच कबूल केलंय. बटाटे किसून मिलकाव, आत डुकराचं मांस.

बेलार्मिनो : नेलिदा, पिशव्या उद्या भरल्या तर चालेल? आज या दोघांचं जेवण देणं लागतो मी.

नेलिदा : भरू नका. पहिल्या बोटीने मीच येते, मांस घेऊन. तिथे काय उरलं असेल ते माहीत आहे मला. मोजे सापडले का?

यास्ना : सापडलेत, पण तो घालत नाही. बैल मोजे घालत नाहीत, म्हणतो.

नेलिदा : काम झालं ना त्याचं? मग जू काढ मानेवरून, आणि बसव आजोबांच्या शेजारी. पाय चुलीकडे.