आमची दारं त्याच्या मठाला

माजं माहेर बेलापूरचं, गुरुजी, प्रवरेच्या काठचं. बाप भाजीपाल्याचा मळा करायचा, वांगी, मेथी, कोथमीर, आन आमी पाच बहिनी, त्यात मी थोरली, अनसा. तोंडानं फटकळ म्हनून बाप म्हनायचा, हिला सासू खमकी बघावी लागंल. तशीच बघितली. गाडीत बसवली आन हिकडं आनून टाकली, शिंगनापूरच्या अलीकडच्या ह्या गावात, जमीन बरी पन पानी हिरीच्या पार तळाला. लिवा तुमी, सगळं लिवा, पन एक आधीच सांगते, त्या कफनीवाल्याचं नाव मी घ्यायची न्हाई आन तुमीबी लिवायचं न्हाई. त्याचं नाव घेनारी तोंडं लई झाली, माज्या तोंडाची त्यात भर नको.

आमचं मालक सादं मानूस, कुनाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. दोन लेकरं झाली, थोरली सगुना, सगू म्हनतो आमी, आन तिच्या पाठचा माधा. माधा पाच वर्साचा हुऊन तापानं गेला. काय सांगू तुमाला, मी रडले, भांडी आपटली, देवाला शिव्या घातल्या, शेजारनीशी भांडले, मोकळी झाले. मालकांनी गिळलं. रानात जायचं, यायचं, भाकर खायची, हां न्हाई हूं न्हाई, दोन वर्सं घरात मुका मानूस. गिळलेल्या दुखाला वास येतो, गुरुजी, आन असली मानसं बरोबर त्या वासावर येत्यात.

तवा लढाई चालली हुती जर्मनची. सरकार लेव्ही म्हनून धान्य न्यायचं, रॉकेल मिळंना, साखर तर डोळ्यांनी दिसंना, लगनात गुळावर भागवायचं. अशात ह्यो आला, भगवी कफनी, दाढी छातीपोतूर, संगट तीन गडी आन दोन पांढऱ्या लुगड्याच्या बाया. ओढ्यापल्याड पडकी धरमशाळा हुती तितं उतरला. काय मागितलं न्हाई कुनाकडं, ही त्याची हुशारी बघा, मागितलं असतं तर गाव शानं झालं असतं. उलट त्योच द्यायचा. दर गुरवारी भजन, आन भजन झालं की शिरा, साखरेचा! कुठनं आनतो ह्ये कुनी इचारलं न्हाई. मीबी दोनदा खाल्ला, ग्वाड हुता, खोटं कशाला बोलू.

आन त्या पांढऱ्या बाया, त्यांची रीत सांगते. पहाटंच्याला कुनाच्या घरात जात्याची घरघर ऐकू आली की ह्या आत यायच्या, समोर बसायच्या, खुंट्याला हात लावायच्या, वैनी थकला असाल, मी दळू लागते. आता एका जात्यावर दोन बाया बसल्या की काय व्हतं, पोटातलं सगळं ओठावर येतं, पिढ्यान्‌पिढ्या आमच्या बाया जात्यावरच मोकळ्या झाल्यात. माज्या सासूला, आत्याबाईला, जल्मात कुनी नीट ऐकून घेतलं न्हवतं, मी तर न्हाईच. ती बाई ऐकायची, डोळं पुसायची. आत्याबाईनं नातवाचं नाव सांगितलं, त्याला पेरू आवडायचं सांगितलं, जाताना शेवटाला काय बोलला त्येबी सांगितलं. पीठ आमचं आन भरलं त्यांचं पोतं.

फुडल्या गुरवारी मालक आईच्या आग्रहानं गेलं, तर ह्यो कफनीवाला डोळं मिटून म्हनला, माधा माज्यापाशी हाय, पेरू मागतोय, तू रडत न्हाईस म्हनून त्याला पुढं जाता येत न्हाई. मालक तितंच फोडासारखं फुटलं. दोन वर्सांनी रडलं. घरी येऊन माज्याशी बोलायला लागलं, मला म्हनलं, अनसा, आपलं पोरगं बाबांपाशी सुखात हाय. मी म्हनलं, आवं, पेरूचं आत्याबाईनं जात्यावर सांगितलंय त्या पांढरीला, मी कानांनी ऐकलंय. तर मालक काय म्हनलं ठावं हाय, तुला पोराचं दुखच झालं न्हाई म्हनून तू असं बोलतीस. मला! ज्या आईनं त्याला नऊ महिनं पोटात वागवलं तिला! माजी तळपायाची आग मस्तकाला गेली, पन बोलनार कुनाला, मानूस बोलता झाला ह्येच घरात सगळ्यांना लई वाटत हुतं.

मग गावात चोऱ्या सुरू झाल्या. आधी कधी न्हवत्या अशा. कुनाचं तांब्याचं भांडं, कुनाची जवारी, कुलकर्नी अण्णांच्या घरनं पान्याचा मोठा हंडा गेला. कुलकर्नी अण्णा म्हंजे तवाचं शाळामास्तर, सगळ्या गावाचं कागद वाचनारं मानूस. लोक बाबाकडं गेलं. बाबा म्हनला, तुमच्या उशाला शिंगनापूर हाय, तितं घरांना दार न्हाई आन चोरी न्हाई, मग तुमी दारं लावून देवाला खोटं का पाडता, दार म्हंजे अविश्वास, काढा दारं. आता शिंगनापूरला आमी सगळे जानारे, तितला देव खरा, त्याबद्दल माजा शबूद न्हाई. दुसऱ्या कुठल्या गावाला ह्यो असं म्हनला असता तर लोकांनी वेड्यात काढला असता, पन आमच्या गावाला ते पटलं, कारन आमी लहानपनापासनं बिनदाराची घरं बघितलेली. तितल्या लोकांनी आपल्या देवासाठी दार लावलं न्हाई, आन आमी ह्या उपऱ्यासाठी लावलेलं काढलं, येवढा फरक कुनाच्या ध्यानात आला न्हाई. पैलं दार कुलकर्नी अण्णांनी काढलं. शिकलेलं मानूस दार काढतंय म्हनल्यावर बाकीचे कशाला थांबतात. पाडव्याच्या दिशी सगळ्या आळीची दारं निघाली आन वाजतगाजत त्याच्या मठाला गेली. हां, मठ, तवर त्या धरमशाळेचा मठ झाला हुता, भोवती भिंत, खोल्या, आन त्या खोल्यांना आमची दारं. आतनं कड्या लावून! कुनी इचारलं न्हाई की बाबा, तुजा देवावर इस्वास हाय तर तुला कड्या कशाला.

आन चोऱ्या थांबल्या. थांबनारच की, चोर मठात पाटावर बसून जेवत हुते.

बिनदाराचं घर म्हंजे काय ते तुमाला सांगते. न्हायला बसलं तरी मानसाचा जीव थाऱ्यावर न्हाई. त्या पांढऱ्या बाया केव्हाबी यायच्या, चुलीपाशी उभ्या ऱ्हायच्या, काय रांधलंय, काय बोलताय. नवराबायकूनं हळू बोललं तरी पाप. दर आवसंला मठात सगळ्यांनी उठून सांगायचं, माज्या घरात कोन काय बोललं. सुनंनं सासूचं सांगायचं, भावानं भावाचं. त्याला ते म्हनायचे मन धुनं. एका आवसंला माजी सगू उठली, बारा वर्साची पोर, आन म्हनली, माजी आई बाबांना कफनीवाला म्हनती, भोंदू म्हनती. सगळ्यांच्या म्होरं. बाबानं तिला जवळ घेतलं, डोक्यावरनं हात फिरवला, म्हनला, ही पोर खरी. मला म्हनला, तुज्या तोंडात इख हाय. आन गावाला सांगितलं, हिला चुलीला इस्तू देऊ नका, हिच्या हातचं पानी घेऊ नका, हिच्याशी बोलू नका.

न्हाई बोललं कुनी. पानवठ्यावर गेले की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. ज्यांच्या बाळंतपनात मी रात रात जागले त्या बाया! पन त्याचं मला काय न्हाई, मी भांडकुदळ, मला सवय हाय. सगू बोलंना त्याचं काय करू? मी भाकर वाढली की ती आजीकडं बघायची, आजीनं मान हलवली तर खायची. आठ-पंध्रा दिस गेले आन मालक म्हनलं, सगूला बाबांनी सेवेला मागितलंय, कायमची. मी म्हनलं, बेलापूरला तिची सोयरीक जुळत आलीया. मालक म्हनलं, तिचं लगीन आता देवाशी. माधा तितं हाय, बहीन भावापाशी ऱ्हाईल. असं म्हनलं, गुरुजी, आपल्या जित्या लेकीला मेलेल्या पोराच्या सोबतीला धाडलं. पाटलाकडं गेले, पाटील त्याच्या पायाशी. मठाच्या दाराशी गेले तर सगू आतनं म्हनली, आई जा, तू आलीस की मला शिक्षा व्हती. मी हात टेकला त्या दाराच्या फळीवर, तर तिथं म्हशीनं शिंग मारलेला खड्डा, माजंच दार. माजी लेक माज्याच दाराआड कोंडलेली.

मग दसरा आला. दसऱ्याला आमी बाया उंबरा सारवतो, दाराला तोरन बांधतो, कुक्कू लावतो, सासूची सासू करत आली तसं. आता दारच न्हाई, तोरन बांधायचं कुठं? सगळ्या बाया चौकटीपाशी फुलं घेऊन उभ्या, तोंडं उतरलेली. मी ताट घेतलं, हळदकुक्कू घेतलं, तोरन घेतलं आन भर दुपारी आळीतनं मोठ्यांदा बोलत निघाले, माजं दार जितं असंल तितं मी तोरन बांधनार, बघू कोन सवाशिनीला सनाच्या दिशी अडवतं. मागं बघितलं न्हाई. ओढ्यापोतूर गेले तर पाठीमागनं हाक आली, अनसे, थांब, माजंबी दार तितंच हाय. कुलकर्नी काकू. किती तरी महिन्यांनी बाईमानसाचा शबूद माज्या कानावर पडला, माज्या डोळ्यांतनं घळाघळा पानी. तिच्या मागं अजून बाया, ताटं घेऊन, नटूनथटून.

बाबा अंगनात बसलेला, हसला, या म्हनला, त्याला वाटलं पूजा त्याचीच. मी दाराला तोरन बांधलं, कुक्कू लावलं, हात जोडलं, आन मग फळीला हात घातला. आमची दारं जुन्या रीतीची, बिजागरी न्हाई, वरखाली लाकडाची खुंटी, दोघीजनींनी उचलून खालनं वढलं की निघतं. काकूंनी एकीकडनं धरलं, मी एकीकडनं, निघालं! ते बघितलं आन बाकीच्या बायांनी आपआपल्या दाराला हात घातला, काय आवाज, काय धूळ, अगं धर अगं सोड, माजं न्हाई ते गंगीचं, कुनी हसतंय कुनी रडतंय. बाबा उठला, हात वर करून म्हनला, तुमच्या घरात दिवा लावायला कुनी उरनार न्हाई. दोघींनी तितंच दारं खाली ठेवली, त्याच्या पाया पडल्या. बाकीच्या न्हाई थांबल्या.

सगू आत तांदूळ निवडत बसलेली, केस भादरलेले, त्या पांढरीच्या पायाला मिठी मारून बसली. मी वढली तर माज्या हाताला चावली, ह्यो बघा वण अजून. दार काकूंनी आन दुसऱ्या बाईनं नेलं, मी लेक नेली, खांद्यावर टाकून, ती पाठीवर बुक्क्या मारतीया. आन त्याच खोलीत, गुरुजी, चोरीची सगळी भांडी, नावं घातलेली. कुलकर्नी काकूंचा हंडासुदिक.

तुमाला वाटंल मग गाव त्याच्यावर धावून गेलं असंल. कुठलं! आमचं मालक म्हनलं, बाबांनी चोरांकडनं सोडवून ठेवली असतील भांडी. कुलकर्नी अण्णांनी त्याला मान डोलावली. चार दिसांनी बाबा आपल्या पायानं गेला, गाडी जुपून, आन लोक रस्त्याला आडवं पडून त्याच्या पाया पडत हुतं. कुठं गेला देव जानं. दुसऱ्या कुठल्या तरी गावात कुनाच्या जात्यावर त्या बाया बसल्या असतील. त्याच्या अंगाला कीड पडो, दुसरं काय म्हनू.

सगूनं वर्सभर माज्या हातचं खाल्लं न्हाई, आजीच्या हातचं खायची. मग आजी गेली, मग खायला लागली. केस वाढले, लगीन झालं, बेलापूरलाच दिली, जावई चांगला हाय. लोक म्हनत्यात, अनसानं लेक सोडवून आनली. मीबी तसंच समजत हुते.

आवंदा पैल्या बाळंतपनाला आली. रातभर कळा. आता कळा लागल्या की बाई कुनाला हाक मारती, म्हातारी असली, तिची आई मरून गेल्याली असली तरी आई गं म्हनती. मी उशाला बसलेली, तिचा हात माज्या हातात, आन माजी सगू म्हनली, बाबा, बाबा, बाबा वो. सुईनीला वाटलं बापाला बोलवतीया, ती दाराकडं बघायला लागली. मला कळलं कुनाला ते. सहा वर्सं झाली त्याला, इंग्रज गेलं, राज गेलं, ह्यो माज्या लेकीतनं गेला न्हाई.

पोरगी झाली. गोरीपान हाय, आत झोळीत निजलीया. सगू म्हनली, बाबांची किरपा. मी म्हनलं, कळा तू दिल्यास, हात माजा पिरगाळलास, किरपा कुनाची गं? ती भिंतीकडं तोंड करून निजली. उद्या जावई न्यायला येनार हाय. जाऊ दे, सुखात ऱ्हावी, लेकुरवाळी हुऊन म्हातारी व्हावी. पन माज्या देवानं करावं तिचं भलं, त्याच्या न्हाई. एवढं नीट लिवा.