शर्यतीत थांबलेली एसटी

हसू नका, पण मी खरंच शर्यतीत धावले. पाच किलोमीटर, कणकवलीत! पाऊण तासात पोचलं तरच पदक मिळणार होतं, आणि ते मी तीन वर्षांच्या रेवाला आधीच कबूल करून बसले होते. रेवा सासूबाईंबरोबर शेवटच्या रेषेपाशी उभी. तिने दूध प्यायलं असेल का, या काळजीतच मी सगळ्यांच्या मागे पडले.

इतक्यात शेजारी तळेऱ्याची एसटी थांबली. आपल्याकडे बाई धावताना दिसली की ड्रायव्हर ब्रेक मारतोच.

"चढ गो बाय, तुझ्यासाठीच थांबलंव!" कंडक्टर ओरडले.

"काका, माका बस नको. शर्यत आसा!"

"मगे बाकीचे खंय आसत?"

"फुडे गेले."

"मगे चढ बेगीन! आत्ता गाठूया त्यांका!"

सगळी बस हसली. मग खिडक्यांतून हात बाहेर काढून "धाव गो, धाव!" ओरडत ती हळूहळू पुढे निघाली, आणि मी तिच्यामागे जीव तोडून. दोन मिनिटं राखून पोचले! पदक गळ्यात घालून रेवाला उचललं, तर ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, बस गेली ना गं तुझी?"