पुढच्या ब्रेकची पुरचुंडी

ऐका. पक्या, तो मोबाइल खिशात टाक आधी. मघाशी तूच म्हणालास ना, "भाऊ, जेवलो की खिंड उतरून घरी जातो, किती वेळ लागतोय?" जा की. मी अडवणार नाही. पण गंगाराम ढेब्याचं त्या खिंडीत काय झालं ते ऐक, आणि मग किल्ली फिरव.

आणि महादबा, तुम्ही पण सरका पुढं. तुम्ही इथले गुरव, देवळाची चावी तुमच्या कमरेला. तुम्ही चिडणार आहात. चिडा! तालुक्याच्या पेपरात उभा जन्म अपघातांच्या बातम्या लिहिण्यात गेला माझा. माझ्यावर चिडलेल्यांची पंगत बसवली तर ह्या अंगणात मावायची नाही.

तर गंगाराम. आंबेखोलचा धनगर. म्हशी राखणारा, कमी बोलणारा माणूस. एका संध्याकाळी काय झालं, त्याची पोर सुली गोठ्यात शेण भरायला गेली आणि तिला विंचू चावला. साधा नव्हे, लाल! नऊ वर्षांची पोर. आधी बोंबलली, मग ओकली, मग घामानं न्हायली, आणि हातपाय बर्फासारखे गार पडायला लागले. दवाखाना खिंडीखाली, नदीकाठी. एसटी कधीच गेलेली. गंगारामाची बायको ठकू म्हणाली, "बसू नगा. पोरीला घ्या नि सुटा."

त्यानं पोरीला मागं बसवलं, बायकोचं लुगडं दोघांच्या कमरेभोवती गुंडाळून आवळलं, गाठ मारली. कमरेच्या आकडीला कोयती होतीच. धनगर कोयतीशिवाय घर सोडत नाही. जुनी गाडी. किक मारली. अंधार पडलेला. निघाला.

आता हे देऊळ. हो, हेच, ज्याच्या अंगणात आपण शेकतोय! खिंडीत उतरणारा प्रत्येक मोटारसायकलवाला इथं थांबतो. का थांबतो? पुरचुंडी बांधायला. लाल फडक्यात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ. कुठं बांधतात? गाडीची उजवी मूठ आणि पुढच्या ब्रेकची लिव्हर, ह्यांच्या मधल्या फटीत! घट्ट ठोकून बसवायची, वरून नाडा आवळायचा. लिव्हर हलता कामा नये. कारण काय, तर पुढचा ब्रेक दाबला की माणूस उडतो. आप्पा दळवी नाही का उडाला, जांभळीच्या वळणावर?

उडाला. मी पंचनाम्याला उभा होतो, मला कोण सांगतंय! आप्पानं पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून उतारावर सोडली होती. अख्खी खिंड मागच्या ब्रेकवर पाय दाबून उतरला. ब्रेक तापला, जळला, लागेनासा झाला. आणि मग ऐन वळणात, गाडी तिरकी असताना, डंपरनं सांडलेल्या खडीवर, घाबरून पुढची लिव्हर एका झटक्यात करकचून आवळली. दुसरं काय होणार? पण गावानं एवढंच ऐकलं, पुढचा दाबला आणि गेला. छापून काय आलं? "ताबा सुटल्याने." हे दोन शब्द मला आजही चावतात. ताबा सुटला म्हणे! अरे, कशानं सुटला? खडी कोणाची? ते मी लिहिलं होतं, छापणाऱ्यांनी कापलं. आणि दुसऱ्या महिन्यापासून ह्या अंगणात पुरचुंड्या सुरू झाल्या.

काय म्हणता, महादबा? भूत आहे की नाही ते सांगा? आहे ना! मी कधी नाही म्हणालो? भूत आहे. फक्त ते काय करतं, ते तुम्हांला ठाऊक नाही. तेच सांगतोय. ऐका.

गंगारामानं घाईतही पुरचुंडी बांधून घेतली. नमस्कार केला. खिंडीत शिरला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. आणि कानाशी कोणीतरी बोललं. अगदी प्रेमानं. घरातल्या थोरल्या माणसानं बोलावं तसं.

"गंगाराम, टाकीत पेट्रोल हाय का रं? परतताना काय करशील? समदा उतारच हाय. बंद कर गाडी."

त्याला वाटलं, आपल्याच मनात आलं. आपणही असंच करतो की! सगळेच करतात. त्यानं गाडी न्यूट्रल केली, किल्ली फिरवली. इंजिन गेलं. आणि इंजिनाबरोबर दिवाही गेला! जुन्या गाड्यांचं तसंच असतं. अंधार. फक्त चाकं आणि चेनची किरकिर, किर्र, किर्र, किर्र. वर चांदण्यांचा जेमतेम उजेड. रस्ता म्हणजे काळ्यात एक करडी पट्टी.

गाडी पळायला लागली. इंजिन गियरमध्ये असलं की ते गाडीला मागं ओढून धरतं. आता धरायला कोण होतं? उतार ओढतोय, गाडी धावतेय.

परत तोच आवाज. "घाबरू नगंस. मागचा दाबून धर. सोडू नगंस. पाय काढायचाच न्हाई."

त्यानं दाबला. दाबूनच धरला. एक वळण. अजून एक. वास आला. जळका वास. आप्पा गेला त्या दिवशी त्याच्या चाकाला येत होता ना, तोच! आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडला. दाबतोय, दाबतोय, आणि गाडी काही ऐकत नाही!

आता खरी गोष्ट. हे मी गंगारामाकडून ऐकलं, आणि वेगळं बसवून सुलीकडूनही ऐकलं. दोघांच्या बोलण्यात तसूभर फरक नाही.

सुली म्हणाली, "बाबा."

"काय गं? आलंच हां आता."

"बाबा, माझ्या मागं कोण बसलंय?"

मागं? मागं कोण असणार?

"बाबा, त्येचं हात लई गार हायत. त्यानं मला धरलंय."

आणि गाडी जड झाली. मागनं दबली. दोघांची गाडी तिघांची झाली! आणि तो आवाज, तो इतका वेळ कानाशी नव्हताच. तो पोरीच्या डोक्यावरनं येत होता.

"गंगाराम, मोरं जांभळीचं वळाण हाय. काय बी झालं तरी पुढचा दाबू नगंस. मी दाबला न् गेलो. पोर उडंल तुझी. पोर उडंल! पुरचुंडीला हात लावू नगंस."

आप्पा दळवी! आवाज ओळखला त्यानं. आप्पा जिवंत असताना गंगाराम ज्याच्या घरी म्हशीचं दूध घालायचा, तोच. आणि विचार करा, काय सांगत होता तो? जे आपण इथं एकमेकांना सांगतो, तेच! गाडी बंद कर. मागचा धर. पुढचा नको. शब्दाला शब्द तोच. भुताला नवीन काही बोलायची गरजच नाही, पक्या. आपण त्याचं काम आधीच करून ठेवलंय.

वारा कानांत शिट्ट्या मारतोय. पोर लुळी पडत चाललीय. पुढं दरी. आणि गंगारामाला त्या वेळी कोण आठवावं? म्हैस! हसू नका. त्याची म्हैस आठवली. तो मला म्हणाला, "भाऊ, म्हस उताराला लागली का शेपूट धरून थांबत न्हाई. शेपूट धरणारा फरफटत जातो. म्हस थांबती येसणीनं. मोरनं. पण येसण हिसकायची न्हाई. हिसकली का ती मान टाकती, गुडघ्यावर येती. हळू घ्यायची. मग घट्ट, अजून घट्ट करत न्यायची. मग डोंगर असला तरी हुबी ऱ्हाती."

आणि त्याला कळलं. आपण इतका वेळ शेपूट धरून बसलोय!

किल्ली फिरवली. क्लच दाबला, गाडी तिसऱ्यात टाकली, क्लच हळूच सोडला. गाडीनं हिसका दिला, खोकली, आणि भर्रर्र! इंजिन जागं झालं. दिवा लागला! वेग थोडा तुटला. दुसरा टाकला. अजून तुटला. मागनं किंकाळी आली, "बंद कर! बंद कर ती!"

"सुले! माझ्या कमरंची कोयती दे."

"बाबा, त्यो हात धरतोय."

"धरू दे. तू दे!"

त्या पोरीनं, बोटांत जीव नसलेल्या पोरीनं, कोयती उपसली आणि बापाच्या डाव्या हातात दिली. धावत्या गाडीवर त्यानं डाव्या हातानं उजव्या मुठीवरचा नाडा कापला. अंगठ्याचं कातडं गेलं सोबत, आजही वण दाखवतो. पुरचुंडी सुटली, तांदूळ वाऱ्यावर उडाले. कोयती दिली दरीत भिरकावून.

पुढं वळण दिसलं. खडी चमकत होती दिव्यात. कठडा तुटलेला. पण वळणाच्या आधी सरळ रस्त्याचा एक तुकडा होता. तेवढाच. गंगारामानं तिथंच काम केलं. वळणात नाही, वळणाच्या आधी! गाडी सरळ उभी ठेवली. नजर चाकाखाली नाही, लांब रस्त्यावर. मागचा लागेल तेवढा लावला, आणि पुढची लिव्हर घेतली. झटका नाही. वेसण! आधी हळू, मग घट्ट, मग अजून घट्ट. गाडी पुढं वाकली, पुढचं चाक रस्त्यात रुतल्यासारखं बसलं. शेवटी क्लच दाबला.

आणि उडाला!

कोण? अरे, पोर नव्हे! पोर लुगड्यानं बापाला बांधलेली होती, ती नुसती त्याच्या पाठीवर आदळली. उडाला तो मागचा! दोघांच्या डोक्यावरनं, हात पसरून, गार वाऱ्याचा एक लोट होऊन गेला. दिव्याच्या उजेडात सुलीनं त्याचं तोंड बघितलं. ती म्हणते, "त्यो रागात नव्हता, काका. त्यो रडत हुता." तुटक्या कठड्यावरून थेट खाली. आवाजसुद्धा आला नाही.

गाडी उभी. पुढचं चाक खडीच्या अलीकडं. मागं सगळं हलकं.

"बाबा," सुली म्हणाली, "गेला त्यो. चला ना, मला लई गार लागतंय."

पुढची खिंड तो दुसऱ्या गियरमध्ये उतरला, इंजिन चालू ठेवून. तो आवाज परत आला नाही. दवाखान्यात डॉक्टर जागा होता, औषध होतं. पोर पहाटे शुद्धीवर आली आणि तिनं चहा मागितला. गेल्या वर्षी लग्न झालं तिचं. स्वतः गाडी चालवते, तीही खिंडीतून.

महादबा, बोला आता. देवाच्या नाड्याला नावं ठेवली म्हणता? देवाला मी काही बोललो नाही. आरशाला बांधा तुमची पुरचुंडी, दिव्याला बांधा, माझ्या गळ्यात बांधा! देव काय ब्रेकची लिव्हर बघून पावतो? पण माणसाच्या हातातली वेसण बांधून टाकता, त्याला उतारावर सोडता, आणि तो गेला की म्हणता, भुतानं नेला. गेल्या पावसाळ्यात दोन पोरं गेली. मी जाऊन बघितलं. दोन्ही गाड्यांना पुरचुंड्या जशाच्या तशा. तांदळाचा दाणा सांडला नव्हता! छापून काय आलं माहितीये? "ताबा सुटल्याने."

शू… गप्प. गप्प बसा सगळे.

ऐकू आलं?

त्या रस्त्यावर. किर्र, किर्र, किर्र. इंजिनाचा आवाज नाही. दिवा नाही. नुसती चेन. उतारावर सोडलीय कोणीतरी. आपल्यातलं कोण उठलं? कोणी नाही? गाड्या सगळ्या इथंच उभ्या आहेत ना? मग बघायला जाऊ नका. जाऊ दे त्याला. तो रोजच जातो. सोबतीला कोणी सापडतंय का, बघत जातो.

म्हणून सांगतो, वेसण बांधलेली गाडी घेऊन त्या वाटेला जन्मात जाऊ नका. आणि उतारावर मागनं कोणी प्रेमानं म्हणालं, बंद कर, पुढचा दाबू नको, तर मागं वळून बघू नका. आवाज ओळखीचा असला तर मुळीच नाही.

पक्या, कुठं निघालास? बस ना.

काय? कात्री?

महादबा, ह्याला कात्री द्या. आणि उठताच आहात तर बाकीच्या गाड्यांचंही बघून घ्या.