तिसऱ्या रकान्यातला नंबर

नाही, पण मला सांगा, यात एवढं हसण्यासारखं काय होतं? वर्गाच्या बाईंनी धाकटीचा शाळेचा फॉर्म माझ्यासमोर धरला आणि ओठ दाबून म्हणाल्या, "मॅडम, पहिल्या रकान्यात आईचा नंबर, बरोबर. दुसऱ्यात वडिलांचा, तिथे रेघ, तेही ठीक. पण तिसऱ्यात, 'पालक न भेटल्यास कोणाला कळवावे', तिथेही तुमचाच? म्हणजे तुम्ही भेटत नाही हे आम्ही तुम्हालाच फोन करून कळवायचं का?"

तुम्हाला सांगते, मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना सगळ्यात खालची ओळ वाचायला लावते, आणि स्वतः एका फॉर्मची खालची ओळ... बरं, वाचली असती तरी नंबर कोणाचा लिहिणार होते? तिथेच मी पहिल्यांदा अडले. समजा, मी... म्हणजे तशी मी ठणठणीत आहे हं! पण समजा?

थोरली शेजारी उभी होती, नऊ वर्षांची. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, तिसरा रकाना खोडला आणि घडाघडा मामाचा नंबर लिहून मोकळी! मी म्हटलं, "अगं, मामा कधी फोन उचलतो का?" तर म्हणते, "असू दे गं आई, तात्पुरता." तात्पुरता! हा शब्द मला विसाव्या वर्षी कळला होता!

मुलींचे बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. सकाळी डबा घेऊन निघाले ते... असो. काही लिहून ठेवलं नव्हतं. छत्तिसाव्या वर्षी कोण लिहितं? त्यानंतर एकेका कागदासाठी मी किती उंबरे झिजवले ते माझं मला माहीत, पण निदान मुलींना मी होते. मी गेले तर? कोण? म्हणून ठरवलं, मृत्युपत्र करायचं.

आईला सांगितलं, तर ती फोनवरच ओरडली, "अभद्र बोलू नकोस! तुझ्या आधी मी आहे ना!" जणू दवाखान्यात नंबर लावून बसलीये आणि मी मधे घुसतेय! नणंदेला विचारलं, मुलींची सख्खी आत्या, मनाने खरंच चांगली हो, पण घर असं की उशीलासुद्धा सरळ बसावं लागतं. ती म्हणाली, "वहिनी, सांभाळीन की मी! मुळीच काळजी करू नका. फक्त धाकटीचं ते अंगठा चोखणं तेवढं आधी सोडवा, मग..." मग काय? मग मी जायला मोकळी? मी म्हटलं, "अहो, मला तशी घाई नाहीये, मी ठणठणीत आहे!"

राहिला कोण? आमचा दादा. लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या पोकळीत लोंबकळत असतो, आणि फोन? फोन खिशात, खिसा अंधारात, आणि अंधाराला रेंज नाही! असा माणूस मुलींना पालक? मी त्याचं नाव मनातल्या मनात केव्हाच काटलं होतं. पण थोरलीला सहज विचारलं, "मी कुठे लांब गेले, तर तुम्हाला कोणाकडे राहायला आवडेल?" तिने वहीतून मान वर केली नाही. म्हणाली, "मामाकडे. तू घाबरलीस की तू पण त्यालाच फोन करतेस ना?"

झालं! काटलेलं नाव मी पुन्हा लिहिलं.

तर काल गेले वकीलबाईंकडे. मुली शाळेत, मी दुकानातून अर्धी सुट्टी. खोली एवढीशी, फायलींचे ढीग माझ्यापेक्षा उंच, आणि बाईंचा आवाज कसा, तर गाडी सुटायची सूचना द्यावी तसा. "तुमच्या पश्चात घर कोणाला? तुमच्या पश्चात दागिने कोणाला?" प्रत्येक पश्चातला मी दचकायचे. त्यांनी स्टेपलर मारला, मी उडाले. "बरं नाही का तुम्हाला?" "नाही नाही, मी ठणठणीत आहे!" "मग बसा."

मी माझा मसुदा दिला. सात पानं! त्यातली साडेपाच मुलींची. थोरलीला आमटीत काही तरंगलेलं चालत नाही. धाकटीचा गुंता खालून सोडवायचा, वरून ओढायचा नाही. झोपताना दार चार बोटं उघडं ठेवायचं, पाच नाही, तीन नाही. वकीलबाईंनी चष्मा कपाळावर नेला. "ताई, हे मृत्युपत्र आहे. मिक्सरबरोबर येणारी पुस्तिका नाही." आणि साडेपाच पानांवर सर्रकन रेघ! चार बोटं दारावरसुद्धा! मग म्हणाल्या, "पालक म्हणून कोणाचं नाव घालू?" मी म्हटलं, "भावाचं." "त्यांना विचारलंय?" मी फायली मोजायला लागले. "माणसाला न विचारता दोन मुली देताय? जा, बाहेर जाऊन विचारून या. साक्षीदार चारला येतील."

मी जिन्यात. फोन लावला. "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती सध्या प्रतिसाद देत नाही." पुन्हा लावला. प्रतिसाद देत नाही. अहो, अशा माणसाच्या हाती मी माझी पिल्लं देणार? तिसऱ्यांदा लावला, तर मधेच कानात टुंक-टुंक वाजायला लागलं. मी केवढ्याने दचकले! म्हटलं, गेला, फोनही गेला! कापला, पुन्हा लावला. पुन्हा टुंक-टुंक. पुन्हा कापला. नवव्या वेळी त्याचा फोन व्यस्त! लिफ्टच्या पोकळीत लोंबकळत हा कोणाशी गप्पा मारतोय? मग पुन्हा नुसती रिंग. अकरा, चौदा... दीड तास झाला. सतराव्या वेळी मला रडूच फुटलं. आमचं ठरलं नाही तर त्या जागेवर काय लिहायचं? पुन्हा माझाच नंबर?

आणि अठराव्याला... उचलला!

"अगं ए सशा, होतीस कुठे? धाकटीला वर्गात कणकण आली, शाळा केव्हाची तुला फोन लावतेय आणि तुझा नंबर सारखा व्यस्त! एवढं कोणाशी बोलत होतीस?"

कोणाशी! कोणाशी म्हणे!

"शेवटी त्यांनी मला केला. अनोळखी नंबर, म्हटलं काहीतरी खरंच असणार, लगेच घेतला. तुझा काय, तू रोज सहा वेळा विचारतेस, दोरी घट्ट आहे ना. आणि नंतर एका हातात ही, दुसऱ्यात दोघींची दप्तरं, तुझा फोन कुठल्या हाताने घेऊ? दोघींना घरी घेऊन आलोय. डॉक्टरांनी बघितलं, साधा ताप आहे, औषध दिलंय. आत्ताच डोळा लागलाय तिचा. आणि हळू बोल जरा... दार चार बोटं उघडं ठेवलंय."

तेवढ्यात मागून वकीलबाई, हातात पेन, "काय, झालं का विचारून?"

काय सांगू तुम्हाला... सही व्हायचीये, साक्षीदार यायचेत, मी इकडे जिन्यात चांगली ठणठणीत उभी, आणि माझं मृत्युपत्र तिकडे लागू होऊन, औषध घेऊन, झोपलंसुद्धा!