केसर धुराला येते

मी, अंबाजी सीताराम भायदे, वय ६४, धंदा शेती, राहणार कोंडवाडी, ता. म्हसळा, जि. रायगड, पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून आलो असून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. कुंपणापलीकडे माझी भावजय आवडाबाई राहतात. थोरला भाऊ रामचंद्र वारल्यावर वाटणी झाली. केसर गाय त्यांच्याकडे गेली. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. केसरचे दूध कमी झाले, ते मी तिची चोरून धार काढतो म्हणून, अशी त्यांनी तक्रार दिली आहे. ती साफ खोटी आहे. या वयात दूध चोरीन मी? मला दूध पचतसुद्धा न्हाय, हे साहेबांनी लिहून घ्यावे.

दिवेलागणीला मी माझ्या अंगणात नारळाच्या सोडणांचा व कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करतो. चरून येताना केसरच्या अंगाला गोमाश्या लागलेल्या असतात, कासेला चावून रक्त काढतात. ती आपणहून कुंपणातून येते व धुरात उभी राहते. तिला हाकलणे माझ्याने होत नाही. मागल्या आठवड्यात कासेला चट्टे दिसले म्हणून मी करंजाचे तेल चोळले. दादा चोळायचा. वहिनींनी माझा हात कासेला पाहिला तो तेव्हाच.

माझ्या गोठ्यात जनावर नसताना धूर कोणासाठी, असे साहेबांनी विचारले. केसरसाठीच. आणखी कोण हाय माझं?

दूध कमी का झाले ते मला ठाऊक नव्हते. हे सांगत असता समोर बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, सडांनापण लावलंत तेल?" मी व्हय म्हणालो. "अवो, कडूजहर लागतं ते! वासरू तोंड लावत न्हाय, मग ती पान्हा सोडंल कशी? तुमचे दादा सड सोडून लावायचे." एवढे बोलून त्या हसल्या, मग पदराने डोळे पुसत बसल्या. चूक माझी आहे. वाटणीनंतर त्यांनी मला आज पहिल्यांदा भावजी म्हटले. मला फार बरे वाटले.

वहिनींना तक्रार चालवायची नाही. धूर यापुढे त्यांच्या अंगणात व्हावा व तो मीच करावा, असे त्यांचे म्हणणे आहे. मला मान्य आहे.

जबाब आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचला, मी सांगितला तसाच आहे. वहिनींच्या सांगण्यावरून एवढेच वाढवले, की धूर झाल्यावर चहा तिथेच घ्यायचा. कोरा.